भाडेकरूच्या पायाखालची फरशी

जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाचा चौदावा अध्याय आपल्यापैकी फार थोड्यांनी लक्षपूर्वक वाचला असेल. त्या अध्यायाच्या उत्तरार्धात घराला लागणाऱ्या ओलीचा आणि बुरशीचा विचार केलेला आहे. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसू लागले, तर घरधन्याने याजकाला जाऊन सांगावे. याजकाने आत पाऊल टाकण्यापूर्वी घरातील सामान बाहेर काढवावे, मग पाहणी करावी, घर सात दिवस बंद ठेवावे आणि पुन्हा येऊन पाहावे. डाग पसरला असेल, तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकावेत, भिंती खरवडाव्यात, नवे दगड बसवून नवा गिलावा करावा. एवढे करूनही रोग परत आला, तर घरच पाडावे. अशी ती आज्ञा आहे.

धर्मगुरूने फरशीवर लेख का लिहावा, असे एखाद्या वाचकाच्या मनात आल्यास त्याचे उत्तर या अध्यायात आहे. ओलसर घराची पाहणी हे काम परमेश्वराने एके काळी याजकाकडेच सोपविले होते. परंतु मी आज लिहितो आहे, त्याला याहून जवळचे एक कारण आहे, आणि ते सांगताना मला माझी चूक कबूल केली पाहिजे.

आमच्या बेळगावकडील या धर्मग्रामाच्या मालकीच्या चार खोल्या आहेत. त्या भाड्याने दिलेल्या असून त्या भाड्यातून गरजू मुलांच्या शाळेचा खर्च भागतो. काही वर्षांपूर्वी त्या खोल्यांची जुनी, उखडलेली जमीन बदलण्याचे ठरले. मी दुकानात गेलो आणि आरशासारखी चकाकणारी पांढरी लादी पसंत केली. पाणी तिच्यात मुरत नाही, ती पुसली की स्वच्छ होते, आणि खोलीला शोभा येते, एवढेच मी पाहिले. खोल्या खरोखरच सुंदर दिसू लागल्या. मी मनोमन संतुष्ट झालो.

पहिल्याच जुलै महिन्यात एका भाडेकरूच्या वृद्ध सासूबाई पडवीतून ओल्या पायांनी आत येताना घसरून पडल्या. कमरेचे हाड मोडले. तीन महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि आजही काठीवाचून चालू शकत नाहीत. मी त्यांना भेटावयास गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “फादर, चूक माझीच. पाय बघून टाकायला पाहिजे होता.” त्या शब्दांनी मला जेवढी लाज वाटली, तेवढी कोणी रागावून बोलले असते तरी वाटली नसती. पाय बघून टाकणे हे त्यांचे काम नव्हते. जेथे पाय पडणार ती जमीन पाहून निवडणे हे माझे काम होते.

आपल्या गावांतील अनेक कुटुंबे आज घराच्या बाजूला एकदोन खोल्या बांधून भाड्याने देतात. कोणाचा मुलगा परदेशी नोकरीस असतो आणि त्याने पाठविलेल्या पैशांतून खोली उभी राहते. कोणा विधवा भगिनीला त्या भाड्यावरच घर चालवावे लागते. अशा कुटुंबांना माझ्या चुकीचा उपयोग व्हावा, म्हणून त्यानंतर आमच्या एका जुन्या, अनुभवी गवंडीकाकांकडून जे शिकलो ते येथे क्रमाने मांडतो.

पाणी कोठून येते?

“लादी कोणती घेऊ?” हा प्रश्न दुसरा आहे. “पाणी कोठून येते?” हा पहिला. आपल्या मुलखात घराच्या जमिनीला पाणी चार वाटांनी भेटते. पहिली वाट वरून, म्हणजे गळक्या कौलांतून किंवा तडकलेल्या गच्चीतून. दुसरी बाहेरून, म्हणजे पावसाची झड, ओले पाय, निथळणाऱ्या छत्र्या. तिसरी आतून, म्हणजे मोरी, न्हाणी, स्वयंपाकघर आणि फरशी धुण्याचे पाणी. चौथी खालून, म्हणजे दिव्यात वात जसे तेल ओढून घेते, तशी माती, विटा आणि काँक्रीट यांतून वर चढणारी जमिनीची ओल.

यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या पाण्याला फरशी तोंड देऊ शकते. पहिल्याचा उपाय छपरावर आहे. चौथ्याचा उपाय फरशीच्या खाली आहे, फरशीत नाही. हे न समजल्यामुळे किती पैसा वाया जातो! खालून ओल चढत असताना वर कितीही भारी लादी घातली, तरी ओल सांध्यांतून डोके काढते किंवा भिंतीत चढून गिलाव्याचे पोपडे पाडते. आमच्याच एका खोलीत जमीन ओली वाटते म्हणून वर प्लॅस्टिकचे चटईवजा आच्छादन, ज्याला व्हायनिल म्हणतात, ते चिकटविले होते. पाणी त्यातून आत जात नव्हते हे खरे, पण खालची ओलही बाहेर पडत नव्हती. एका पावसाळ्यानंतर ते उचलले, तेव्हा खाली काळी बुरशी आणि कुबट वास होता. आणि त्या खोलीत एक लहान मूल जमिनीवर अंथरूण घालून निजत असे. लेवीयातील याजकाने दगड काढावयास सांगितले होते, त्यावर चटई घालावयास नव्हे.

खालून ओल आहे की नाही हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. हाताच्या दीड वितीएवढा, म्हणजे साधारण पाऊण हात लांबरुंद, स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात आणि एक दिवस व एक रात्र तो तसाच ठेवावा. उचलल्यावर प्लॅस्टिकच्या खालच्या अंगास थेंब दिसले किंवा जमीन काळवंडलेली दिसली, तर ओल खालून येते आहे. थेंब फक्त वरच्या अंगास असतील, तर ती हवेतील दमट वाफ आहे. ही परीक्षा पावसाळ्यात घ्यावी, कारण ओल तेव्हाच खरे रूप दाखविते. काम मात्र पाऊस सरल्यावर, जमीन सुकल्यानंतर काढावे.

न दिसणारे काम

नवी खोली बांधणाऱ्याने सर्वांत आधी जोत्याकडे लक्ष द्यावे. जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट, उंच असावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांची जी दैना झाली ती आपण विसरलो नाही. तसल्या पुरापुढे दीड फुटाचे जोते काही करू शकत नाही. परंतु दर वर्षीच्या साध्या पावसात अंगणातील पाणी उंबऱ्याशी येते, त्याला ते निश्चित थोपविते. जोत्याच्या माथ्यावर, भिंत वर चढविण्यापूर्वी, ओल अडविणारे औषध मिसळलेल्या काँक्रीटचा सलग थर द्यावा. हा थर वगळून वाचविलेले पैसे पुढे दर वर्षी गिलाव्यावर खर्च होतात.

जमिनीच्या पोटात मुरूम थराथराने घालून, पाणी मारून, चांगला ठोकून बसवावा. त्यावर दगडाचे सोलिंग, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, आणि त्यावर सुमारे १० सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट असावे. कागदाचे सांधे एकमेकांवर वीतभर चढवावेत आणि कडा भिंतीलगत वर वळवाव्यात. हा कागद म्हणजेच खालच्या ओलीला घातलेली खरी आडकाठी. मुरूम नीट ठोकला नाही, तर तो पुढे दबतो, वरची जमीन पोकळ राहते, आणि जड कपाट ठेवताच लादी तडकते. दोष मग लादीला दिला जातो!

कोणती जमीन निवडावी?

शेणाने सारवलेली जमीन आपल्या आजी-आजोबांना प्रिय होती. ती थंड असते, आणि बिघडली तर घरच्या घरी दुरुस्त होते. पण तिला रोज माया करणारा हात लागतो, आणि भाडेकरूपाशी गाय नसते. शिवाय ती पाणी सोसत नाही. भाड्याच्या खोलीला ती योग्य नव्हे.

सिमेंटचा कोबा सर्वांत स्वस्त. त्यात तांबडा रंग घालून घोटलेल्या जमिनी आपल्याकडे आणि गोव्यात कित्येक जुन्या घरांत अजून गुळगुळीत आहेत. परंतु त्या कुशल हातांच्या आहेत. कोबा घातल्यावर निदान सात दिवस त्यावर पाणी टिकवून धरले नाही, तर तो तडकतो, आणि तडकलेल्या कोब्याला लावलेले ठिगळ कधी एकजीव होत नाही. कोबाच करावयाचा असल्यास तो एकसंध न ओतता चौकोन पाडून ओतावा, म्हणजे तडा गेला तरी एका चौकोनात राहतो.

शहाबादी फरशी आपल्या परिचयाची आहे. ती कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या परिसरातून येते. ती थंड, मजबूत आणि पायाला धरून ठेवणारी असते. मात्र ती चुनखडीचा दगड आहे. लिंबू, चिंच आणि विशेषतः शौचकूप साफ करण्याचे आम्ल तिला खाऊन टाकते. हलक्या प्रतीच्या फरशीचे पापुद्रे सुटतात. म्हणून प्रत्येक फरशी बोटाने वाजवून, सणसणीत आवाज येईल तीच घ्यावी. राजस्थानातील कोटा हा दगडही चुनखडीचाच, पण अधिक घट्ट असतो. त्याला घासून तकाकी आणता येते. पडवी, ओटा, जिने आणि खोलीची जमीन यांसाठी हे दोन्ही दगड आजही उत्तम आहेत. पडवीला मात्र तकाकी नको. खडबडीतच राहू द्यावे.

मोझेक, म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराची बारीक खडी घालून घासलेली जमीन, हीदेखील पिढ्यान्‌पिढ्या टिकते, आणि झिजल्यास पुन्हा घासता येते. तिलाही आम्ल सोसत नाही.

आता कारखान्यातील लाद्या. यांपैकी बहुसंख्य गुजरातेतील मोरबी येथून येतात. त्यांत एक भेद प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. साध्या सिरॅमिक लाद्या पाणी काही प्रमाणात शोषतात; जमिनीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या सिरॅमिक लादीत हे प्रमाण सर्वसाधारणपणे वजनाच्या ३ ते ६ टक्के असते, तर भिंतीसाठीच्या लादीत ते १० टक्क्यांहून अधिक असते. यास्तव भिंतीची लादी स्वस्त मिळाली म्हणून ती कधीही जमिनीला लावू नये. व्हिट्रिफाइड लादी अधिक उष्णतेवर भाजलेली, काचेसारखी घट्ट असते. तिचे पाणी शोषण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून अधिक नसते. भाड्याच्या खोलीला टिकाऊपणाच्या दृष्टीने हीच लादी मी सुचवीन. परंतु चकाकणारी नव्हे! तीच लादी मॅट, म्हणजे तकाकी नसलेल्या, पृष्ठभागाची मिळते. दुकानात लादीवर पाणी ओतून, चप्पल काढून, ओल्या पायाने तिच्यावर घासून पाहावे. दुकानदार हसला तर हसू द्यावा. काही खोक्यांवर आर-९ पासून आर-१३ पर्यंत अंक छापलेला असतो. अंक जितका मोठा, तितकी लादी कमी निसरडी. न्हाणी आणि पडवीसाठी आर-११ मिळाल्यास उत्तम.

लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांची अलीकडे मोठी जाहिरात होते. त्यांतील लॅमिनेट नावाच्या पट्ट्यांच्या पोटात लाकडाचा भुसा दाबलेला असतो. सांध्यातून पाणी शिरले की त्या फुगतात. आपल्या पावसात त्यांचा विचारही करू नये. व्हायनिलच्या पट्ट्या स्वतः पाण्याने बिघडत नाहीत; पण खालून ओल चढत असेल, तर काय होते ते वर सांगितलेच आहे. माडीवरील कोरड्या खोलीत त्या चालतील. जोत्यावरील खोलीत खालच्या ओलीची खात्री केल्यावाचून नाही.

बसविणाऱ्याचा हात

उत्तम लादी वाईट हाताने बसविली, तर ती वाईटच ठरते. लादीच्या पाठीवर चार कोपऱ्यांत आणि मध्ये मालाचे गोळे ठेवून ती दाबण्याची घाईची पद्धत आहे. अशा लादीखाली पोकळी राहते. पाणी तेथे साचते आणि घाव बसताच ती फुटते. माल सगळ्या पाठीला सारखा लागला पाहिजे. व्हिट्रिफाइड लादी पाणी शोषत नसल्यामुळे साधे सिमेंट तिला नीट पकडत नाही. तिच्यासाठी लादी चिकटविण्याचा खास मसाला मिळतो, तोच वापरावा. काम संपल्यावर काठीच्या टोकाने प्रत्येक लादी वाजवावी. ‘डब डब’ आवाज आला, तर ती तेव्हाच काढून पुन्हा बसवून घ्यावी. मजुरी चुकती केल्यावर नव्हे.

दोन लाद्यांत दोन-तीन मिलिमीटर दरज सोडून ती भरावी. सांध्याला सांधा चिकटविल्याने जमीन सलग दिसते, परंतु दरज भरता न आल्यामुळे पाणी तेथूनच आत जाते. न्हाणीत आणि मोरीत दरजा एपॉक्सीने भराव्यात. ते महाग असते, पण पाणी व आम्ल दोन्ही सोसते.

न्हाणीविषयी एक गोष्ट निक्षून सांगतो. लादी म्हणजे पाण्याची अडवणूक नव्हे. अडवणूक तिच्या खालच्या लेपाने होते, आणि तो लेप भिंतीवरही निदान एक फूट चढलेला असावा. लेप सुकल्यावर नळीचे तोंड बंद करून दोन बोटे पाणी एक दिवस व एक रात्र भरून ठेवावे आणि त्याची पातळी खडूने आखावी. पाणी उतरले नाही, शेजारची भिंत ओलावली नाही, तरच लादी घालावी. न्हाणीची जमीन खोलीपेक्षा एखादा इंच खोल असावी, आणि नळीकडे दर मीटरमागे एक ते दीड सेंटिमीटर उतार असावा. तेथे मोठ्या लादीपेक्षा फूटभर लांबरुंद लहान लादी चांगली. तिला उतार नीट देता येतो आणि दरजा अधिक असल्याने पाय कमी घसरतो. आमचे गवंडीकाका म्हणत, “फादर, पाण्याला अडवून भागत न्हाई. त्याला जायला वाट द्यावी लागते.”

हिशेब वर्षाचा करावा

घरमालकाचा हिशेब बहुधा चौरस फुटाच्या दराने चालतो. तो वर्षाच्या दराने चालावा. उदाहरणादाखल धरू की एका खोलीची जमीन १२,००० रुपयांत झाली आणि सहा वर्षांत उखडली; म्हणजे वर्षाला २,००० रुपये पडले. दुसरी २४,००० रुपयांत झाली आणि २४ वर्षे टिकली. म्हणजे वर्षाला १,००० रुपये. शिवाय पहिल्या जमिनीच्या दुरुस्तीसाठी खोली रिकामी राहील त्या महिन्यांचे भाडे बुडेल ते वेगळे. गरिबाला स्वस्त वस्तू अनेकदा महाग पडते ती अशी.

खरेदी करताना थोड्या लाद्या अधिक घ्याव्यात. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब खोलीचे क्षेत्र १२० चौरस फूट. दोन फूट लांबरुंद लादी असेल, तर ३० लाद्या लागतात. चार लाद्यांच्या खोक्याप्रमाणे आठ खोकी पुरतात. नववे खोके घेऊन ठेवावे. पाच वर्षांनी एखादी लादी फुटली, तर त्याच रंगाची दुसरी बाजारात मिळण्याची शाश्वती नाही. आणि एका लादीसाठी सर्व जमीन उखडण्याची पाळी येऊ नये.

न्यायाचा प्रश्न

खोली देताना जमिनीची स्थिती दोघांनी मिळून पाहावी आणि करारपत्रात लिहावी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या १०८व्या कलमानुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल, तर भाडेकरूने जागा चांगल्या स्थितीत परत करावयाची असते. मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज त्याच्या माथी मारता येत नाही. त्याच कलमात असेही आहे की, जी दुरुस्ती करणे मालकावर बंधनकारक आहे ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूला ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. म्हणून फरशी उतरत्या वयाने झिजली, तर अनामत रकमेतून पैसे कापणे हा अन्याय आहे. आणि भाडेकरूने आम्ल ओतून फरशी खाल्ली किंवा मुसळाने कांडून फोडली, तर ते नुकसान लपविणे हाही अन्यायच. सातवी आज्ञा दोघांनाही सारखीच लागू आहे.

परंतु ख्रिस्ती माणसाने केवळ कायद्यापाशी थांबू नये. अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात परमेश्वर सांगतो की, नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. त्या काळी लोक गच्चीवर वावरत, म्हणून कठड्याची आज्ञा झाली. आज आपल्या घरात ती आज्ञा न्हाणीच्या जमिनीला आणि पडवीच्या पायरीलाही लागू पडते, असे मी त्या वृद्ध माउलीच्या खाटेशी बसलो असताना शिकलो. जो माणूस आपल्या घरात भाडे देऊन राहतो, त्याला फरशी निवडण्याचा अधिकार नसतो. तो आपण त्याच्या वतीने वापरतो. ज्या जमिनीवर आपले स्वतःचे मूल निजेल आणि आपली स्वतःची आई ओल्या पायांनी चालेल, तीच जमीन भाडेकरूला द्यावी. याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही.

आमच्या चारही खोल्यांच्या चकाकत्या लाद्या पुढच्या उन्हाळ्यात काढल्या. एका वर्षाचे भाडे त्यात गेले, आणि मुलांच्या खर्चासाठी मला दारोदार फिरावे लागले. आता तेथे करड्या रंगाची, तकाकी नसलेली लादी आहे. ती डोळ्यांत भरत नाही. त्या सासूबाई काठी टेकीत तिच्यावरून दारापर्यंत येतात आणि मिस्साची घंटा ऐकतात. परवा मी तेथून जाताना त्यांनी हाक मारली आणि म्हणाल्या, “फादर, आता पाय धरतोय बरं का.”

प्रभूने आपल्या सर्वांच्या घरांना कोरडी जमीन आणि त्या घरांत राहणाऱ्यांना निर्धास्त पाऊल द्यावे, हीच प्रार्थना.